एल्डनचा डावा गुडघा

माझ्या नवऱ्याने आजवर शंभरावर बायकांपुढे गुडघा टेकला आहे. त्यांत मी नाही.

गावाला यात काही वावगं वाटत नाही, उलट कौतुकच वाटतं. एल्डन ब्रॅन्ट चार वर्षं नौदलाच्या बोटीवर बॉयलरपुढे भाजून निघाला, परत येऊन गावच्या धान्यकोठारावर जन्मभर राबला, आणि निवृत्त झाल्यापासून लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय. मंगळवारी एकट्या म्हाताऱ्यांना गरम जेवण पोचवायचं, गुरुवारी कुणाला तरी ऐंशी मैलांवरच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात न्यायचं. मधल्या वेळात आमच्या मुलीचा, जोलीनचा, गळका नळ आणि नातवाच्या कुस्त्या. घरच्यांना तो कमी पडला असं मी म्हणणार नाही. मुलांना विचारा, देवमाणूस म्हणतील. मलाही विचारा, पण मग जरा बसून ऐकायची तयारी ठेवा.

माझं दुखणं वेगळं आहे. आमच्याकडे, आयोवात, कुणी माजी सैनिक गेला की गावचेच सात-आठ म्हातारे गणवेश चढवून दफनभूमीवर जातात. तीनदा बंदुका झाडतात, बिगुल वाजतो. मग शवपेटीवरचा झेंडा दोघं मिळून दुमडत नेतात, त्याचा त्रिकोण होतो, वर नुसतं निळं आणि तारे. तो त्रिकोण घेऊन एकजण विधवेपुढे गुडघा टेकतो, तिच्या डोळ्यांत बघतो आणि हलक्या आवाजात सांगतो की कृतज्ञ देशाच्या वतीने हा झेंडा स्वीकारा. हा एकजण म्हणजे माझा एल्डन. गेली बावीस वर्षं.

आणि मला मागणी कशी घातली होती? पत्राने. बोटीवरून. पत्रात आधी हवा, मग जेवणाची तक्रार, आणि शेवटी दोन ओळी: 'जूनमध्ये रजा आहे. तुझी हरकत नसेल तर पाद्रीबुवांना तारीख विचारून ठेव.' मी हरकत नाही असं कळवलं. तेवढ्यावर आमचा संसार उभा राहिला. चांगला राहिला, नाही म्हणत नाही. पण डोळ्यांत बघून हलक्या आवाजात बोलणं माझ्या वाट्याला कधी आलं नाही. माझ्याशी तो बोलतो ते फ्रिजमध्ये डोकं घालून.

प्रत्येक अंत्यविधीच्या आदल्या दिवशी तो स्वयंपाकघरात तालीम करतो. माझा टेबलक्लॉथ त्रिकोणी दुमडायचा, एक खुर्ची मधे ओढायची आणि तिच्यापुढे गुडघा टेकून सगळे शब्द म्हणायचे. घरात सहा खुर्च्या आहेत. तो नेहमी दाराजवळची घेतो, जिचा पाय डुगडुगतो आणि जिच्यावर कुणी बसत नाही. एकदा मी गंमत म्हणून मुद्दाम त्या खुर्चीत जाऊन बसले, मांडीवर हात ठेवून, रडवेलं तोंड करून. तो दुमडलेलं कापड घेऊन वळला आणि जागच्या जागी थांबला. "ऊठ तिथून," म्हणाला. एवढंच. हसलाही नाही. त्या दिवसाची तालीमही केली नाही. मी उठले, पण तो अपमान कुठे जातो? रिकामी खुर्ची चालते, मी चालत नाही.

या वसंतात डॉक्टरने त्याचा डावा गुडघा बघून मान हलवली. यापुढे टेकायचा नाही, उभ्यानेच वाकून झेंडा द्यायचा, म्हणाला. एल्डनने ऐकलं. पुढच्या चार विधवांना झेंडा उभ्यानेच मिळाला. मला गुडघ्याची काळजी होतीच, पण खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी बरंही वाटलं.

मग ऑक्टोबरात मर्ल गेला. मर्ल म्हणजे लव्हॉनचा नवरा. आणि लव्हॉन म्हणजे शाळेत असताना जिला एल्डन नाचाला घेऊन गेला होता ती. साठ वर्षं झाली त्याला. विसरायला मला अजून थोडे दिवस लागतील.

मी दुसऱ्या रांगेत उभी होते. बिगुल झाला, झेंडा दुमडला, एल्डन लव्हॉनपुढे गेला. आणि गुडघा टेकला. डॉक्टरने मनाई केलेला, डावा, त्या ओल्या गवतात. तिच्या डोळ्यांत बघितलं, सगळे शब्द सावकाश म्हटले, झेंडा तिच्या मांडीवर ठेवला. मग उठायला गेला तर गुडघा हलेना. दोन-तीनदा प्रयत्न केला. शेवटी लव्हॉनने झेंडा काखेत धरला, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि त्याला उठवलं. सगळ्या गावादेखत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, तेच हॅम, तेच बटाटे, तीच पाणचट कॉफी. जी ती बाई माझ्यापाशी येऊन माझा दंड दाबत होती. तुझा एल्डन म्हणजे सोनं आहे गं, काय नशीब काढलंस. मी मूग गिळून कप विसळत राहिले. लव्हॉनही आली. एल्डनचे आभार मानायला माझ्याकडे आली, डोळे सुजलेले. मी तिला मिठी मारली. मारायलाच लागते.

घरी आल्यावर त्याचा पाय स्टुलावर ठेवला, गोठवलेल्या मटाराची पिशवी गुडघ्यावर आपटली आणि विचारलं की चौघींना उभ्याने चाललं, मग हिलाच काय सोनं लागलं होतं? तो म्हणाला की ती मान खाली घालून बसली होती, उभ्याने दिला असता तर तिला त्याचे बूटच दिसले असते. उत्तर बरोबर होतं. बरोबर उत्तराने मला आणखीच राग येतो.

"मग माझ्यापुढे टेक," मी म्हटलं. "एकदा. आत्ता नको, पाय बरा झाला की टेक. जन्मात एकदा मला बघू दे त्या सगळ्या जणी काय बघतात ते."

"नाही."

"लव्हॉनला चालतं आणि मला नाही?"

"नाही म्हटलं ना, व्हर्ला."

"का? त्या मोडक्या खुर्चीपुढे टेकतोस. खुर्चीइतकीही माझी किंमत नाही?"

त्याने पिशवी गुडघ्यावरून काढून खाली ठेवली.

"त्या दिवशी तू त्या खुर्चीत बसलीस," तो म्हणाला, "हातबित ठेवून. मी वळलो आणि तू दिसलीस. एक दिवस तुझ्यापुढे कुणीतरी तो झेंडा घेऊन बसणारच आहे. तो मी नसणार. मी त्याची तालीम माझ्या घरात नाही करणार."

मी पिशवी उचलून परत त्याच्या गुडघ्यावर ठेवली, या वेळी हळू. इतकी वर्षं मी त्या बायकांवर जळत होते, आणि त्यांतल्या एकीलाही त्या दिवशी ज्याच्यावरून जळावं असा नवरा उरला नव्हता. मला हे कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या रांगेत उभं राहून माणूस काहीही कळून घेत नाही, एवढंच.

सोमवारी फोन वाजला. शेजारच्या गावात कोरियाच्या युद्धातला एकजण गेला होता, बुधवारी विधी होता. एल्डनने फोन ठेवला, आधी गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उभ्यानेच द्यायचा," मी म्हटलं. "आणि तिने मान खाली घातली असेल तर थांबायचं, वर करेपर्यंत."

बरं, म्हणाला.

मी टेबलावरचा कप उचलला, टेबलक्लॉथ काढला आणि दुमडायला घेतला. माझा त्रिकोण वाकडाच होतो. मग दाराजवळ गेले आणि ती डुगडुगती खुर्ची स्वतः ओढत मधे आणली. रिकामी आणली. तिच्यापासून चांगली दोन हात लांब, ओट्याला टेकून उभी राहिले.

"नाव काय बाईचं?" मी विचारलं.

"ग्लेनिस."

"कशी आहे दिसायला?"

"नव्वदीची आहे, व्हर्ला."

"मी वय नाही विचारलं," मी म्हटलं आणि टेबलक्लॉथ त्याच्या हातात दिला.