वारा पश्चिमेचा

मी वाऱ्याचा बाण बोलतोय. तोफांच्या सराव-मैदानालगत हवामान कचेरी आहे, तिच्या गच्चीवरच्या खांबावर माझा मुक्काम. एका जागी जखडलेला, पण क्षणाची स्वस्थता नाही. झुळूक आली की मान वळलीच!

मला घडवणाऱ्या लोहाराने बजावलं होतं, "तोंड वाऱ्याकडे ठेवायचं, पाठ फिरवायची नाही." म्हणून मी दाखवतो ती वारा येण्याची दिशा, जाण्याची नव्हे. माणसांचा घोळ होतो तो नेमका इथेच.

खालच्या खोलीत हवामानवाल्या ताई बसतात. त्या फुगा सोडून उंचावरचा वारा मोजतात, हवा किती गरम, किती दाट तेही बघतात. गोळा त्या सगळ्या हवेतून जातो. दाट हवेत त्याचा वेग मरतो, वाऱ्याने तो कडेला ढकलला जातो. ताईंच्या आकड्यांवरून तोफवाले नळी तेवढी उलट बाजूला वळवून घेतात.

त्या दिवशी तोफा उत्तरेकडे रोखलेल्या होत्या. लक्ष्याच्या पूर्वेला, टेकडीवरच्या चौकीत ताईंचा धाकटा भाऊ बसला होता. गोळे कुठे पडतात ते कळवणं हे त्याचं काम.

"वारा पश्चिमेचा, जोराचा," ताई फोनवर म्हणाल्या.

"पश्चिमेला. बरं!" तोफेकडच्या नव्या माणसाने फोन ठेवलासुद्धा.

ताई ताडकन उठल्या. "अहो, पश्चिमेला नाही..." पुन्हा फोन लावला, तर तो लागेना. तो शहाणा आता नळी पूर्वेकडे वळवणार, आणि वाराही गोळा पूर्वेलाच ढकलणार! मी खांबावर नुसता थरथरत होतो. मला तोंड आहे, पण आवाज नाही, याचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

फोन लागला तेव्हा पहिला गोळा सुटून गेला होता. "पश्चिमेचा हो, 'चा'! तिकडून येतोय!" ताईंचा आवाज फाटला होता.

गोळा चौकीच्या भिंतीजवळ पडला. भाऊ वाचला, पण त्याचे दोन्ही कान गेले.

आता दिशा खोलीतल्या पडद्यावर दिसते. माझा कणा गंजलाय. तरी भाऊ अधूनमधून तेल घेऊन वर येतो. माझी कुरकुर त्याला ऐकू येत नाही, म्हणून मला हाताने फिरवून बघतो. त्याचा हात लागला की मला भरून येतं.

तुम्हाला कुणी वारा सांगितला, तर येतोय की जातोय, एवढं विचारा. आणि उत्तर पुरतं ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका.