सात नंबरचं घड्याळ

“मामा, नऊ पॉइंट दोनच येतंय. तीनदा मोजलं.”

प्रयोगशाळेच्या मामानं टेबल पुसायच्या निमित्तानं त्या मुलीच्या कागदात डोकावलं. दोऱ्याला टांगलेला पितळी गोळा झुलत होता. जात होता, येत होता, कुणाच्या परीक्षेशी देणंघेणं नसल्यासारखा.

“नऊ पॉइंट आठ लिही आणि मोकळी हो. पृथ्वी काय तुझ्यापुरती ओढ कमी करणार आहे?”

“पण मी मोजलंय ना.”

झोके मोजायचं तिचं बटणाचं घड्याळ सात नंबरचं होतं. मिनिटाला दोन सेकंद पुढे पळणारं. चांगलं घड्याळ काल बंद पडलं, म्हणून हे मामानंच मांडलं होतं आणि ‘सर्व उपकरणे तपासली’ या ओळीखाली सहीही ठोकली होती. उत्तर सगळ्यांना पाठ, मोजतंय कोण? बावीस वर्षांपूर्वी याच टेबलावर त्यानंही न मोजताच लिहिलं होतं. “फिजिक्स केलं की तीन वाटा,” तो पोरांना हसवायचा, “शिकवणी, बँकेची परीक्षा, नाहीतर मी.” सहा महिन्यांसाठी म्हणून आलेला तो अजून हंगामीच होता. या महिन्यात कायम होणार, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. पोरांनी त्याबद्दल त्याच्याकडून चहासुद्धा आधीच उकळला होता.

हिला मात्र चौथी वाट सापडली होती. इस्पितळाच्या किरणोपचार विभागात शिकाऊ जागा. गेल्या वर्षी ती याच प्रात्यक्षिकात अडकली. यंदा अडकली तर जागा गेली.

“घड्याळ पळतंय ते,” मामा पुटपुटला.

ती बघतच राहिली. “मग सरांना सांगा ना, मामा. दुसरं द्या. दहा मिनिटं आहेत अजून.”

बाहेरून आलेले परीक्षक टेबलापाशी थांबले. “नऊ पॉइंट दोन? तीन वर्षं काय केलंस?” मग मामाकडे वळून, “घड्याळं तपासली होती ना?”

गोळा गेला. आला. गेला.

“तपासली होती, सर.”

तिनं मामाकडे पाहिलं नाही. मान खाली घालून लिहू लागली.

सगळे गेल्यावर गठ्ठा बांधताना त्यानं तिची उत्तरपत्रिका वर काढली. आठ लिहिलं असू दे, देवा, आठ लिहिलं असू दे. नऊ पॉइंट दोनच होतं. खाली, ‘चुकीचे संभाव्य कारण’ या रकान्यात, एकच ओळ: बटण दाबताना माझा हात चुकला.

मामानं पत्रिका परत जागेवर सरकवली. सुतळीला गाठ मारली, सुटली. पुन्हा मारली; पुन्हा सुटली. तिच्या टेबलावरचा गोळा अजून बारीक झुलत होता. त्यानं जाऊन तो हातानं थांबवला.