वरची वाकडी रांग

रविवारी पहाटे आई गेली आणि केळ्याचं पुडिंग फ्रिजमध्ये तसंच राहिलं. ते एझेलसाठी होतं. एझेल माझा धाकटा भाऊ, डेट्रॉइटला असतो. बऱ्याच वर्षांनी जॉर्जियाला घरी येणार होता.

केलं होतं मीच. आईचे हात एवढे थरथरायचे की तिला चमचाही धरवत नसे. दूध मी आटवायचे, केळी मी कापायचे, 'निला' छापाच्या व्हॅनिला बिस्किटांचे थर मी लावायचे. आई बिस्किटांचा पिवळा खोका मांडीवर घेऊन खुर्चीतून हुकूम सोडायची. वरची कडेची बिस्किटं मात्र तिलाच लावायची असत. याही वेळी अर्धी हातातून निसटली, रांग वाकडीतिकडी झाली.

"हातांचं एझेलला सांगू नकोस. जिवाला लावून घेईल पोरगं," असं तिने मला बजावलं आणि फोनवर त्याला ठणकावून सांगितलं, "तुझ्यासाठी पुडिंग केलंय मी." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सोमवारी चर्चच्या बायका हॅम, तळलेली कोंबडी, असं काय काय घेऊन आल्या. त्यांच्यातल्या ओडेसा मावशींनी फ्रिज उघडून पाहिलाच.

"एक चमचा दे गं. तुझ्या आईची आठवण म्हणून."

"ते एझेलचं आहे, मावशी. तुम्ही हॅम घ्या."

दुपारी एझेल आला. मी अख्खं भांडं त्याच्यापुढे ठेवलं. रडून सुजलेल्या डोळ्यांनीही तो जरासा हसला.

"ही वरची रांग तू लावलीस ना, ताई? आईची कशी सरळ असायची."

त्याने ती बिस्किटं एकेक करून उचलली आणि बशीत बाजूला काढून ठेवली. मग पहिला घास घेतला आणि हुंदके देत खातच राहिला.

"आईचा हात, ताई. बाकी कुणाला नाही जमायचं."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. इतकी वर्षं या घरात राबले, निदान एवढं तरी माझ्या नावावर लागावं असं फार वाटलं. पण आईने बजावलेलं आठवलं.

"आता असं पुडिंग कुणी करणार नाही," तो भांडं खरवडत म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "कुणी नाही करणार."

तो ओसरीवर मावशींशी बोलायला गेला. मी बशी घेऊन ओट्याशी उभी राहिले. बिस्किटं पार मऊ पडली होती. आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं. मी सगळी खाल्ली.