सुईणबाईंची नातवंडं

"तू नुसतं बघायचं. हात लावायचा नाही."

थोरल्या भावाचा हा आवाज साठ वर्षांपूर्वीचा. त्याच्या तळहातावर भोवरा गरगरायचा आणि धाकटी बहीण हात पाठीमागे बांधून उभी राहायची. पुढे याच हातांनी तिनं अख्ख्या गल्लीची बाळं जगात आणली, सुईणबाई म्हणून नाव कमावलं. निवृत्त झाल्या तसे बाईंचे हात रिकामे झाले, आणि रिकामे हात फार शिवशिवतात.

भाजीला निघालेल्या बाई त्या दुपारी खेळण्यांच्या दुकानाशी थबकल्या. काउंटरवर, लोकांनी हाताळून बघावा म्हणून, हातात मावणारा एक व्हिडिओ गेम ठेवला होता. आत इवलंसं यान, समोरून धावून येणारे दगड. बाईंनी एक बटण दाबलं, मग दुसरं. यान डावीकडे सुळकन, उजवीकडे सुळकन, आणि बाई अशा काही रंगल्या, की भाजी विसरली, घर विसरलं, गुडघेही दुखायचे विसरले.

"हा हवा होता," त्या म्हणाल्या.

"मुलगा की मुलगी?" काउंटरवरच्या पोरीनं विचारलं.

जन्मभर या प्रश्नाचं उत्तर बाईंनी दारात ताटकळणाऱ्या बापांना दिलं होतं. आज मात्र जीभ अडखळली. "मुलगी. नात आहे."

"वय?"

"सात." थाप ठोकून झाली. बाईंचा एकुलता एक लेक चौतिशीचा, आणि लग्नाचा विषय निघाला की चपला शोधायचा.

"मग यान नको. हे घ्या." गुलाबी खोका आला. त्यात मांजराला न्हाऊ घालायचं होतं. बाळंतघरातला हात तो! तिसऱ्या दिवशी मांजर लख्ख आणि बाई कंटाळलेल्या.

"नातीला नाही आवडलं. बदलून नातवासाठी काही द्या. पाच वर्षांचा आहे."

निळा खोका. त्यातलं बदक आकडे शिकवी आणि दर आकड्याला म्हणे, "शाब्बास, सोन्या." चौदाव्या शाब्बासकीला बाई उठल्या.

"मोठी नात आहे. पंधराची."

जांभळा खोका. एका मुलीला सँडल निवडून द्यायचे. संध्याकाळ सँडलांत गेली, ती मुलगी काही घराबाहेर पडली नाही.

चौथ्यांदा बाई आल्या. "बारा वर्षांचा नातू. त्याला यानच हवंय."

"आजी, बऱ्याच लेकुरवाळ्या आहात हो."

"घर भरलंय नुसतं."

पोरगी स्टुलावर चढली, काळा खोका काढला आणि त्यावर हात ठेवूनच उभी राहिली. "शेवटचा आहे. आणि हा बदलून मिळणार नाही, मालक आधीच माझ्या नावानं ओरडतायत. त्या नातवालाच घेऊन या. हातात धरून बघू दे, मग देते."

"उद्या आणते."

"उद्यापर्यंत कशाला?" बाईंच्या मागे उभे असलेले एक मिशीवाले गृहस्थ पुढे सरकले. "माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. मला द्या की."

पोरीनं खोका त्यांच्याकडे वळवला. बाईंनी तो मधेच धरला. मान अडकलेलं बाळ धरावं तसा, घट्ट, पण हलक्या हातानं.

"हे बघ बाळा," त्या म्हणाल्या, आणि कानापर्यंत लाल झाल्या. "नातू नाही. नातीही नाहीत. पोराचं अजून लग्नच व्हायचंय. त्या मांजराला मीच न्हाऊ घातलं. हे यान मला हवंय, मला खेळायचंय. सदुसष्ट वर्षांची आहे मी."

पोरीनं खोक्यावरचा हात काढला. "मग घ्या, आजी."