आई चयका चणालीम्ह

मी दात बनवते. डॉक्टर लोक माप पाठवतात आणि आम्ही पाच माणसं एका लांबुळक्या खोलीत बसून प्लास्टरचे जबडे ओततो, मेणात दात बसवतो, घासून-पुसून डब्यात भरतो. या कामाला डोकं ठिकाणावर लागतं, नाहीतर उजवीकडची दाढ डावीकडे जाते. गेल्या महिन्यात माझ्याकडून असं दोनदा झालं. बावीस वर्षांत कधी झालं नव्हतं. कारण एक व्हिडिओ गेम.

गेम मी खेळत नाही, आमचा सेनापती खेळतो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसून दातांना रंग चढवणारा हा पंचेचाळिशीचा, डोक्यावर औषधालाही केस नसलेला, दोन मुलींचा बाप. गेममध्ये त्याला सेनापतीचा हुद्दा आहे, म्हणून आम्हीही त्याला तेच म्हणतो. गेम अंतराळातला आहे. पहिला भाग येऊन सात वर्षं झाली, आता दुसरा येणार. त्याची दीड मिनिटाची झलक बाहेर आल्यापासून सेनापतीच्या तोंडाला खळ म्हणून नव्हता.

झलकेत एका ओसाड ग्रहावरची चौकी दिसते. आत एक बाई एकटी बसलेली. तिच्यासमोर तांबडा दिवा लागतो, म्हणजे कुणाचा तरी निरोप आलाय आणि तो तिनं पुढे पाठवायचाय. बाई दिव्याकडे नुसती बघत राहते. मग हात पुढे करते आणि दिवा बंद करते. पडदा काळा होतो आणि त्या काळोखात तीन सेकंद एक फाटका, यंत्रातून काढलेला आवाज येतो. संपलं.

एवढ्याशा भांडवलावर जगभरच्या चाहत्यांनी जे इमले बांधले ते ऐकत मी रोज आठ तास काढत होते. आवाजातला पहिला शब्द सगळ्यांना ‘आय’ असा ऐकू आला होता. इंग्रजीत आय म्हणजे मी. तेव्हा ही बाई यंत्र आहे, तिला स्वतःची जाणीव झालीये आणि गोष्टीचा विषय तोच, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट म्हणे, मी नाही, डोळा; आकाशात एक डोळा आहे आणि तो उघडणार. पुढचा शब्द ‘चायका’. तो कुठल्याशा भाषेत समुद्रपक्षी निघाला, तर लोक झलकेत पक्षी शोधत बसले. कुणी आवाज उलटा वाजवला, कुणी त्याच्या लाटा कागदावर छापून मोजल्या. सेनापती हे सगळं मला इतक्या गांभीर्यानं सांगायचा, जणू ग्रहावर उद्या त्यालाच जायचंय.

त्यानं तो आवाज मला पहिल्यांदा ऐकवला तेव्हा आम्ही डबा खात होतो. माझा घास हातातच राहिला. शब्द होते, ‘आई चयका चणालीम्ह’.

लहानपणी च-ची भाषा बोलणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि सुरुवातीला च लावायचा. काय म्हणजे चयका. म्हणाली म्हणजे चणालीम्ह. माझा धाकटा भाऊ या भाषेत पटाईत होता, फक्त एका शब्दाला अडायचा. आईचं ‘चईआ’ करायला तो काही केल्या तयार नसायचा. “आई ती आईच,” म्हणायचा. मी टपल्या मारून पाहिल्या, काही फरक पडला नाही. त्यामुळे आम्ही कितीही गुपचूप बोललो तरी आतल्या खोलीत आईला तिचा उल्लेख स्वच्छ ऐकू जायचा आणि आमचं प्रत्येक गुपित फुटायचं. ही चूक जगात एकच माणूस करतो, आणि तो त्या गेमच्या कंपनीत गोष्टी लिहितो. सेनापतीला हे मी कधी सांगितलं नव्हतं.

आई काय म्हणाली. हाच प्रश्न त्यानं मला तीन वर्षांपूर्वी, बॅग हातातून खाली न ठेवता, दारातच विचारला होता. आई आदल्या दिवशी गेली होती. मी म्हणाले, काही नाही, शुद्धीत नव्हती.

ते खोटं होतं. आता सांगूनच टाकते. चार वर्षं आई अंथरुणाला खिळून होती आणि ती चार वर्षं मी एकटीनं काढली. हा दूरदेशी. दर रविवारी फोन करायचा, आणि त्या वीस मिनिटांत आईचा चेहरा जो उजळायचा तो मला आठवडाभर कधी बघायला मिळाला नाही. पहिला भाग आला तेव्हा तर तिनं गेमच्या शेवटी येणारी नावांची यादी पूर्ण अठरा मिनिटं बघितली. त्याचं नाव आलं, गेलं, आणि म्हणाली, पुन्हा लाव. माझा त्याच्यावर दात होता तो असा. मग शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, मी तिचे केस विंचरत असताना ती एकदम स्पष्ट म्हणाली, “त्याला बोलव.” केस मी विंचरतेय आणि हाक त्याला. मी हो म्हणाले. बुधवार गेला. गुरुवारी तिची शुद्ध हरपली. शुक्रवारी ती गेली.

तो तीन दिवस राहिला आणि परत गेला. पुढे त्याचे फोन आले ते मी उचलेनाशी झाले. हळूहळू तेही थांबले.

आणि आता हा तांबडा दिवा, ही निरोप दाबणारी बाई. त्याला कळलंय की तो अजून विचारतोच आहे, हे काही मला समजेना. बसमधून एक थांबा आधीच उतरायचे आणि चालत सुटायचे. घरी कपाटं लावायचे, लावलेली पुन्हा काढायचे. चाहत्यांच्या त्या फोरमवर मी ‘दाढ’ नावानं खातं उघडलं आणि बाथरूममध्ये, जिन्यात, दुकानाच्या रांगेत उभी राहून अनोळखी लोकांचे तर्क वाचू लागले. त्यांना सगळं जाणून घ्यायचं होतं. मला एकच: त्या बाईचं पुढे काय होतं.

सेनापतीचं मत पक्कं होतं. एक दिवस कवळीला रंग देता देता म्हणाला, “खलनायिका तीच. निरोप दाबणाऱ्या बाईत चांगलं काय असणार, मॅडम?”

मी हातातली सुरी टेबलावर आपटली. “तुला काय ठाऊक तिच्यावर काय गुदरलं ते? चार वर्षं एकटी बसली होती ती त्या चौकीत.”

सेनापतीचा ब्रश हवेतच थांबला. “चार वर्षं? हे कुठे दिसलं?”

मी वाटेल ते बोलले, म्हणाले भिंतीवरच्या रेघांवरून वाटलं. त्यानं झलक पुन्हा लावली आणि भिंतीवर खरंच रेघा होत्या. कसल्या होत्या देव जाणे. त्यानं तिथल्या तिथे हा सिद्धांत फोरमवर टाकला. दुपारपर्यंत त्याला तीनशे उत्तरं आली आणि निम्मे लोक बाईच्या बाजूनं भांडायला लागले. कुणीतरी लिहिलं, चार वर्षांत वेड लागेल माणसाला. कुणी लिहिलं, लागेल, पण निरोप तिचा नव्हता ना. हे दुसरं वाक्य मी परत परत वाचलं, आणि त्याच तासाला उजवी दाढ डावीकडे गेली, दुसऱ्यांदा. मालकांनी जबडा माझ्यासमोर आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या जिन्यात गेले. तिथे प्लास्टरची पोती रचलेली असतात. एका पोत्यावर बसले आणि त्या तीनशे उत्तरांखाली ‘दाढ’ या नावानं लिहिलं:

‘आई चणालीम्ह, चलात्या चलवबो. चमी चलावलंबो चहीना.’

आई म्हणाली, त्याला बोलव. मी बोलावलं नाही. आईला च लावला नाही. त्याच्या पद्धतीनं तिला तशीच ठेवली.

पाठवलं आणि फोन खिशात टाकला. जागेवर येऊन बसले तोवर सेनापती उड्या मारायच्या बेतात होता. कुणी दाढ नावाचा माणूस नवी किल्ली घेऊन आलाय म्हणे, कंपनीच्या आतला असणार. ‘चहीना’ म्हणजे ग्रह की शस्त्र यावर फोरम पेटला होता. मी मेणाची वडी हातात धरून बसले होते, ती मऊ होऊन तिच्यात बोटं रुतली तरी मला पत्ता नव्हता.

चारच्या सुमाराला उत्तर आलं. खात्याला ना फोटो, ना धड नाव.

‘ताई, चझंतु चकलंचु. चईआ.’

ताई, तुझं चुकलं. आणि पुढे आई, नियमाप्रमाणे, च लावून. लहानपणी एवढ्या टपल्या खाऊन जे त्यानं केलं नाही ते आज केलं होतं. माझंच वाक्य तो मला ऐकवत होता. नियम मोडला की मी हेच म्हणायचे, तुझं चुकलं, चईआ. पण हे फक्त शब्दाबद्दल नव्हतं, हे न कळायला मी काही फोरमवरची नव्हते. मला रडू आलं. सेनापतीनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, डोळ्यात प्लास्टर गेलं.

मी पुन्हा जिन्यात गेले आणि फोन लावला. दुसऱ्याच रिंगला त्यानं उचलला.

“आई म्हणाली, त्याला बोलव,” मी म्हणाले. “तर बोलावतेय. ये.”

मग त्यानं विचारलं, “कधी म्हणाली?”

“मंगळवारी सकाळी.”

“आणि गेली शुक्रवारी.”

“हो.”

तिथून निघून घरी पोचायला एक दिवस लागतो. ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्यानं ते बोलून दाखवलं नाही, मीही कारणं दिली नाहीत. चार वर्षांचा पाढा तोंडाशी आला होता, तो गिळला. शेवटी न राहवून विचारलं, त्या चौकीतल्या बाईचं पुढे काय होतं?

“ते अजून लिहिलं नाही,” तो म्हणाला. “कंपनी मागे लागलीये, पण हात चालत नाही. तिनं दिवा का बंद केला ते मला कळत नव्हतं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं.

“ताई, मला आत्ता तुझा फार राग आलाय,” तो म्हणाला. “इतका की तुझ्यासमोर उभं राहवणार नाही. थोडा कमी झाला की येतो.”

“कमी व्हायची वाट बघू नकोस,” मी म्हणाले. “आजच निघ, राग घेऊनच ये. मंगळवारी मलाही असाच आला होता. म्हटलं, थोडा कमी झाला की फोन करू.”