रोडग्यांची ऑर्डर

रागिणीचे वडील नत्थुजी वाचनालयात आले तेव्हा मी वर्तमानपत्रं घडी घालून ठेवत होतो. मी तिथला जुना ग्रंथपाल. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रोज जातो, कारण दुसरीकडे कुठे बसावं हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. नत्थुजी तेल्हाऱ्याकडचे शेतकरी. चपला दाराबाहेर काढून आत आले आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकले.

"काकाजी, पोरगी तुमचं आयकते," ते म्हणाले. "तिले तुमीच सांगा. दादानं अकोल्याले नोकरी पाहून ठेवली. कंत्राटी हाय, पन नोकरी तं हाय. सोमवारी हो का नाही ते कळवा लागते. अन् ही म्हन्ते, मी रोडगे करीन."

दादा म्हणजे नत्थुजींचे थोरले भाऊ उत्तमराव. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांचा शब्द घरात शेवटचा.

रागिणी अमरावतीला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला आली होती आणि आमच्या अभ्यासिकेत खिडकीजवळच्या टेबलावर बसायची. परीक्षा देत होती, थोडक्या गुणांनी मागे राहत होती, पुन्हा देत होती. गेल्या हिवाळ्यात वाचनालयाचं रोडग्यांचं जेवण ठरलं. आमच्याकडे थंडीत कुठल्यातरी मळ्यात गोवऱ्या पेटवून रोडगे भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण, असं एक जेवण झाल्याशिवाय हिवाळा गेल्यासारखा वाटत नाही. त्या वर्षी आमचा भाजणारा गुडघे धरून घरी बसला, म्हणून रागिणी आणि तिची मैत्रीण संध्या आरापाशी बसल्या. आर म्हणजे फुललेले निखारे. रोडगे इतके चांगले झाले, की जेवून गेलेल्यांपैकी दोघांनी आपल्या घरच्या कार्यक्रमाला तिलाच बोलावलं. मग आणखी कोणीतरी. परीक्षेच्या पुस्तकांवर हळूहळू गव्हाच्या पिठाचे ठसे दिसायला लागले.

आता परतवाडा रोडवर लग्नकार्यांचं लॉन चालवणाऱ्या ओमप्रकाशजींनी तिला मोठी ऑर्डर दिली होती. रविवारचं जेवण जमलं, तर हिवाळ्यातली सगळी रोडग्यांची जेवणं तिला. बापलेकीत ठरलं होतं ते असं: रविवार जमला तर नोकरीला नाही म्हणायचं. बिघडला तर अकोल्याला रुजू व्हायचं, तक्रार न करता.

"तुमी काय म्हन्ता?" नत्थुजींनी विचारलं.

मी काय म्हणणार? जन्मभर महिन्याच्या महिन्याला पगार घेतलेल्या माणसाची दुसऱ्याच्या मुलीला धंदा कर म्हणून सांगायला जीभ उचलत नाही, आणि करू नको म्हणायलाही नाही. मी म्हणालो, "रविवार तर होऊ द्या." घरी जाताना वाटलं, हे काही उत्तर नव्हतं. ते तर आधीच ठरलेलं होतं.

रविवारी रागिणीनं मलाही बोलावलं. लॉनच्या मागच्या मोकळ्या जागेत तिनं सकाळीच गोवऱ्या रचून पेटवल्या होत्या. ओवा घातलेल्या जाडसर कणकेच्या पातळ पोळ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्यांचा गोळा करून वरून आणखी एका पोळीनं बंद करायचा, आरावर सगळीकडून शेकायचा आणि मग गरम राखेत, भुभळीत, पुरून ठेवायचा. पुरला की विसरायचा. मधेच उकरला, तर ऊब निघून जाते. मग रोडगा वरून लाल दिसतो आणि आत पिठूळ राहतो.

हे सगळ्यांना माहीत असतं. तरी वऱ्हाडातल्या कुठल्याही पुरुषाला पेटलेल्या आरापाशी गप्प बसता येत नाही. घरच्या जेवणात ते खपून जातं. इथे सगळं काम रागिणीकडे सोपवलेलं होतं, ऑर्डर तिची होती, आणि तरी पांढरे शर्ट घातलेली वडीलधारी मंडळी खुर्च्या सोडून एकेक करून मागे आली. नत्थुजींबरोबर 'जरा पाहायला' आलेले उत्तमराव सगळ्यांत पुढे.

"काय व रागिनी, आर असा पसरवतात का?"

"मोठेबाबा, तुमी बसा. चहा पाठवते मी."

"चहा पेऊन आलो. तू कवाची शिकली? आमच्या बुढ्या मायनं तं तुले कधी चुलीपाशी बसू देल्लं नाई."

त्यांनी काडी घेतली आणि एक रोडगा उकरून पाहिला. शेजारचे पाहुणे म्हणाले, त्याच्या बाजूचा पाहा. तिसरे म्हणाले, आमच्याकडे असं नसते, आमी पलटी मारतो. रागिणी भाजीकडे वळली तेवढ्यात सगळी भुभळ विस्कटून झाली होती. संध्यानं एकदोनदा "काका, राहू द्या ना" म्हणून पाहिलं. ते कोणी ऐकलं नाही.

पंगत बसायच्या आधी ओमप्रकाशजी आले. त्यांनी एक रोडगा झटकला, फोडला. आत पांढरंफटक पीठ. त्यांनी रोडगा ताटात ठेवला आणि रुमालानं बोटं पुसली.

"ताई, लोक भुकेजले," एवढंच म्हणाले आणि मांडवाकडे गेले.

रागिणी पाण्याच्या टाकीमागे गेली. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेलो. हातात ग्लास असला की माणसाला उभं राहायला कारण मिळतं.

"म्हना काकाजी," ती म्हणाली, "नोकरीच बरी होती. तिथं कोनी मोठेबाबा टेबलावर काडी घेऊन येत नाही."

"मला खरंच कळत नाही ग," मी म्हणालो. "पण ती माणसं आरापासून हटायची नाहीत. जेवायपेक्षा त्यांना तेच जास्त हवं आहे असं दिसतं."

म्हणालो आणि वाटलं, हा काय धीर द्यायचा प्रकार झाला? रागिणीनं मात्र ग्लास तोंडाला लावता लावता खाली घेतला आणि टाकीच्या कडेवरून तिकडे पाहिलं. मंडळी अजून वाकून वाद घालत होती. एका आजोबांनी मांडवातून नातवाला ओढून आणलं होतं आणि रोडगा कसा पलटतात ते दाखवत होते.

"संध्या," ती म्हणाली, "उरलेल्या गोवऱ्या पुढं आन. मांडवाजवळ. सगळ्यायले दिसंल अशा."

मांडवाच्या तोंडाशी दुसरा, लहानसा आर पेटला. भोवती तिनं खुर्च्या नाही, पाट मांडले. मग सगळे कच्चे राहिलेले रोडगे घमेल्यात घालून ती उत्तमरावांपुढे उभी राहिली.

"मोठेबाबा, हे बिघडले. माझ्यानं आता होत नाही. तुमीच दुरुस्त करून द्या."

उत्तमरावांनी तिच्याकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं. "मी तं पहिलेच म्हन्लं होतं," ते म्हणाले आणि बाह्या सारून पाटावर बसले. त्यांच्यामागे सगळी पांढऱ्या शर्टवाली मंडळी गेली.

मागचा आर मोकळा झाला. दुसऱ्या पंगतीसाठी वळून ठेवलेले कच्चे रोडगे रागिणीनं शेकले, पुरले, आणि मला तिथेच एक खुर्ची दिली.

"काकाजी, इथं बसा. कोनी आलं तर काही बोलू नका, फक्त बसा. तुमच्यासारखा न ढवळनारा मानूस इथं दुसरा नाही."

मी पुस्तक उघडून बसलो. एक पान दोनदा वाचलं. भुभळीतून ओव्याचा वास यायला लागला तेव्हा उकरून पाहायची इच्छा मलाही झाली, हे खरं.

पंगत उशिरा बसली, पण कोणाच्या लक्षात आलं नाही. अर्धे लोक पुढच्या आराभोवती उभे होते. एक आजी रोडगे गोणपाटात घोळवून राख झाडत होत्या आणि पुरुषांना नावं ठेवत होत्या. "हे तुमच्या हातचे रोडगे हायत का ढेकळं?" पोरं मोबाईलवर हे सगळं टिपत होती. कच्चे होते तेही तिथे भाजून निघाले, काही जळाले, आणि जळालेलेच आधी संपले, कारण प्रत्येकाला तो आपल्या हातचा वाटत होता. मागच्या आरातले रोडगे तुपात बुडून ताटात आले. त्यांच्याबद्दल कोणी काही बोललं नाही. नुसतं आणखी मागत राहिले.

ओमप्रकाशजी हात धुऊन रागिणीपाशी आले. "पुढच्या रविवारी एक जेवन हाय, अन् त्याच्या पुढंही," ते म्हणाले. "पन ताई, हे समोरचं बुढ्यायचं पन ठेवजो. त्याच्याशिवाय मजा नाई."

नत्थुजी हे ऐकत जवळच उभे होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग भावाकडे गेले. उत्तमरावांच्या मिशांना राख लागली होती आणि ते कोणालातरी अजून पलटी मारण्याचं चुकीचं तंत्र समजावत होते.

"दादा, उद्या अकोल्याले फोन कराचा होता."

"कराचा तं हाय." उत्तमराव उठले, गुडघे चोळले. "तू काय म्हन्तं?"

"मी म्हन्तो, नाही म्हनून सांगा. तिथं दुसरं कोनी भेटंल त्याह्यले."

उत्तमरावांनी मिशांवरची राख झटकली. मला वाटलं, आता ते चिडतील. अवघडून मी हातातल्या पुस्तकात पाहायला लागलो.

"सांगतो," ते शेवटी म्हणाले. मग रागिणीकडे वळले. "पन तू, पुढच्या खेपेले गोवऱ्या घेताना मले विचारजो. या ओल्या होत्या."

"ओल्या नव्हत्या, मोठेबाबा."

"मले नको शिकवू. मी येतोच रविवारी."

रागिणी घमेलं उचलत होती. ती थांबली नाही.

"मग सकाळीच या," ती म्हणाली. "उशिरा येनाऱ्याले मी आर देत नाही."