श्रावणातला आकडा

दंडावरचा पट्टा सैल झाला, तरी मैनाने हात टेबलावरून उचलला नाही. डॉक्टर निशिगंधांनी कानातलं यंत्र काढून गळ्यात टाकलं, पुन्हा कानाला लावलं आणि तिसऱ्यांदा फुगा दाबायला घेतला. आकडा चांगला आलेला नाही, हे मैनाला तेव्हाच कळलं. चौदा वर्षं ती उपकेंद्रात मदतनीस होती. सिस्टरच्या मागे लसींचा डबा खांद्याला लावून तिने सगळे पाडे पालथे घातले होते. दुसऱ्यांचे आकडे ती डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून वाचायची. आज स्वतःचा वाचत होती.

"एकशे नव्वद, एकशे दहा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मैनाबाई, गोळ्या घेता ना?"

"एक चुकवली नाय बाई."

ती खोटं बोलत नव्हती. आषाढात, लावणीच्या दिवसांत तिला पहिल्यांदा चक्कर आली, तेव्हा याच खोलीत दाब सापडला. त्या दिवसापासून औषधाबद्दल जे जे सांगितलं, ते तिने मनापासून पाळलं होतं.

शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या त्या आरोग्य केंद्रात दिवाळीनंतरची गर्दी होती. बाहेर बाकावर लोक खोकत, गप्पा मारत बसले होते. डॉक्टरबाई हलक्या आवाजात बोलत राहिल्या. दसऱ्याला दुसरी गोळी वाढवली होती, तरी दाब उतरत नाही, म्हणजे मूत्रपिंडाची, हृदयाची तपासणी करायला ठाण्याला जावं लागेल. आणि तोवर पाडे बंद. चढावर पडल्या तर कोण बघणार?

मैनाने मान हलवली. डबा दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर जाईल, याचं वाईट वाटलंच. पण तिच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही होतं. तिची आई, बाईजा, उंबऱ्याशी बसलेली. अंगावरून वारं गेल्यावर ती सहा वर्षं जगली. उजवा हात मांडीवर दुसऱ्याच कुणाचा ठेवल्यासारखा. डाव्या हाताने कप उचलायची आणि अर्धा चहा बशीत सांडायचा.

डॉक्टरबाई चिठ्ठी लिहिता लिहिता थांबल्या. त्यांनी मैनाचं कार्ड पुन्हा ओढलं आणि तारखांवरून बोट फिरवलं. आषाढात एकशे ऐंशी. मग दोन वेळा एकशे चाळीसच्या आत. गणपतीनंतर पुन्हा एकशे सत्तर.

"हे दोन आकडे श्रावणातले आहेत," त्या म्हणाल्या. "श्रावणात वेगळं काय केलंत?"

"काय नाय. श्रावण पाळला."

"म्हणजे मासळी बंद."

"तर वो. म्हनून रोज गोळी घ्यायला गावली."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि एरवी?"

मैनाला प्रश्नच कळेना. "सुकटीच्या दिवशी कशी घेऊ बाई? तुमीच बोललात, गोळ्या चालू तर सुकट बंद. पन लावनी-कापनीला भाताबरोबर दुसरं काय असतंय? मंग सुकट केली त्या दिवशी गोळी नाय. दोन्ही एका पोटात जाऊ दिलं नाय कदी."

एवढं बोलून तिने कमरेची पिशवी सोडली आणि उरलेल्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. ठाण्याला पाठवणार म्हटल्यावर इथल्या परत करायला हव्यात, असं तिच्या मनात होतं. सरकारी आहेत, वाया नकोत. पट्टीतून एकेक कापलेल्या, कोरड्या, नीट जपलेल्या एकतीस गोळ्या.

डॉक्टरबाईंनी त्या एकेक करून मोजल्या. आता त्या ओरडणार, असं वाटून मैनाने पदर सारखा केला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "सुकटीत मीठ असतं, मिठाने दाब वाढतो. एवढंच मला सांगायचं होतं. गोळीचं आणि सुकटीचं वैर नाही. उलट सुकट खाल्ली, तर त्या दिवशी गोळी हवीच."

मैनाने टेबलावरच्या गोळ्या एका रांगेत लावल्या. मग तिने विचारलं, अगदी हळू. औषध पोटात असताना सुकट खाल्ली, तर अंगावरून वारं जात नाही?

"कुणी सांगितलं?"

"माज्या आईचं गेलं. वैदूचं औषद चालू व्हतं. तिला सुकट खावीशी वाटली. पहाटे हात हलंना. समदा गाव बोलला, पथ्य मोडलं." मग तिने पुढचंही सांगून टाकलं. "ती सुकट मीच वाढली व्हती बाई."

पंचवीस वर्षांत हे वाक्य तिने नवऱ्यापुढेही उच्चारलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी आईचं वय विचारलं, डोकं दुखायचं का, चक्कर यायची का, ते विचारलं. मग कार्ड बाजूला सारलं. "तुमच्या आईला हाच आजार असणार, मैनाबाई. कितीतरी वर्षांचा. तिच्या दंडाला कधी कुणी पट्टा बांधला नाही, म्हणून कळलं नाही. एका ताटातल्या सुकटीने वारं जात नाही."

मैना रडली नाही. तिने एकेक करून गोळ्या पुन्हा पिशवीत भरल्या. ठाण्याची चिठ्ठी फाडायला डॉक्टरबाई तयार नव्हत्या. पंधरा दिवस रोज गोळी, मग बघू, एवढंच त्यांनी कबूल केलं.

पंधरा दिवसांनी आकडा उतरला. महिन्याने श्रावणातल्या आकड्याशी येऊन टेकला. ती चिठ्ठी कार्डाला टाचलेलीच राहिली आणि डबा मैनाच्या खांद्यावर परत आला.

त्यानंतर डॉक्टरबाई दर गुरुवारी तिला बाकावर बसलेल्या दाबाच्या माणसांत पाठवू लागल्या. मैना प्रत्येकाला एकच विचारायची. भातगिरणीवरच्या बुधूलाही विचारलं, "सुकट केली त्या दिवशी गोळी घेतोस का रे?"

"म्हंजे काय, मराया घेऊ?" बुधू म्हणाला. मग तिने सगळं समजावलं, तर म्हणतो कसा, "इतकी शिकलेली डॉक्टरीन बोलली ते सोडून तुजं ऐकू का गो?"

"तिचंच सांगते. तुला ऐकू आलं नवतं, मलाबी नवतं आलं."

त्या गुरुवारी अकरा माणसांपैकी सात जण सुकटीच्या दिवशी गोळी न घेणारे निघाले. लोक तिला सुकटवाली सिस्टर म्हणू लागले. खऱ्या सिस्टरही हसायच्या. मैनाला त्याचं काही वाटलं नाही.

दोन वर्षांनी डॉक्टरबाईंची बदली झाली. त्या पुन्हा आल्या त्या बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सातमध्ये, मुरबाडच्या एका शिबिराहून परतताना, वाट वाकडी करून. वयोमानाने मैनाचं काम सुटून तीन महिने झाले होते. ती ओट्यावर सुकट धूत होती, पहिलं पाणी ओतून दुसऱ्या पाण्यात.

"खारटपना जातो थोडा," ती ओशाळून म्हणाली. "सोडवत नाय बाई. पन गोळी सकाळीच घेतली."

डॉक्टरबाईंनी पिशवीतून यंत्र काढलं. तिथेच, ओट्यावर, पट्टा बांधला. एकदाच फुगा दाबला आणि सोडला. मैनाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आकडा विचारला नाही.

चहा झाला. पाहुण्याचा कप पुढे करून मैनाने स्वतःसाठी फळीवरचा जुना कप काढला, कडेला टवका उडालेला, बाईजाचा. काठोकाठ भरला. उंबऱ्याशी आई बसायची तिथेच ती टेकली आणि उजव्या हाताने कप तोंडाला लावला.

 चहा संपला, तरी बशी कोरडी होती.